मातीची इर्जिक

हिंगणमाळ गावात श्रीरंग कोळेकर दहा-बारा वर्षं ‘माती तपासा, माती तपासा’ असं सांगत होता, आणि गाव दहा-बारा वर्षं त्याला चहा पाजत होतं. दोन्ही बाजूंनी कधी खंड पडला नाही.

श्रीरंग कृषी खात्याचा गावपातळीवरचा माणूस. या काळात त्याच्या पदाचं नाव चारदा बदललं, पाटी चारदा रंगवली, काम तेच राहिलं. त्याने तक्ते लावले, ग्रामसभेत भाषणं केली, शाळेच्या पोरांकडून पथनाट्य बसवलं. त्यात नत्र, स्फुरद आणि पालाश झालेली पोरं गावात अजून त्याच नावांनी ओळखली जात. गावाने या मोहिमेतून घेतलं ते एवढंच. श्रीरंगला सगळे मातीसाहेब म्हणायचे.

“साहेब, माती म्हंजे आई,” नामा मेटकरी पारावर बसून सांगायचा. “आईची कुनी रगत-लघवी तपासतं का?”

“तपासतात की. वय झाल्यावर सगळ्यांची तपासतात.”

“मग हुंदे की वय.”

क्वचित कोणी नमुना दिलाच, तर तो गोठ्यामागच्या उकिरड्याजवळचा, नाहीतर चिंचेखालचा. पाव्हण्यांपुढे फाटकी गोधडी कोण काढतं? तपासायला द्यायची तर चांगली माती द्यावी, असा गावाचा साधा हिशोब होता. प्रयोगशाळेतून उत्तर यायचं की आपली जमीन अतिशय समृद्ध आहे. ते वाचून माणूस समाधानाने त्याच जुन्या अंदाजाने खत टाकायला मोकळा.

अपवाद एकच, फुलाबाई ऐवळे. सगळं गाव तिला फुलाक्का म्हणायचं.

फुलाक्काचं तीन एकर रान माळाच्या कडेला होतं. मूळचा नुसता मुरूम, कुसळही धड उगवायचं नाही. लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्याने हे रान दाखवून “हे तुमचं” म्हटलं होतं, आणि बाकीच्या सुनांनी तोंडाला पदर लावला होता. मग आक्का आणि तिचा नवरा दर उन्हाळ्यात आटलेल्या तलावातला गाळ आणून त्या मुरमावर पसरू लागले. आधी डोक्यावर पाट्या, मग गाढवं, मग भाड्याचा ट्रॅक्टर. सुगी झाली की धनगरांच्या मेंढ्या रात्रभर रानात बसवायच्या, त्यांच्या लेंड्या कुळवायच्या. नवरा गेल्यावरही तिने हे थांबवलं नाही. चाळीस वर्षांत मुरमावर दीड फूट काळी माती चढली. “अर्धं रान माझ्या टकुऱ्यावरनं आलंय,” ती सांगायची, आणि पुरावा म्हणून मान एका बाजूला कलती कशी झाली आहे ते दाखवायची.

श्रीरंगच्या पहिल्याच वर्षी तिने नीट खड्डे खणून नमुना दिला होता. जस्त कमी आहे, असं उत्तर आलं. तिने जस्त टाकलं, मका डोक्याच्या वर गेला, आणि तेव्हापासून श्रीरंगच्या शब्दावर चालणारी गावात ही एकच बाई. एक माणूस जरी आपल्या शब्दावर चाललं, तरी आपण फुकट जगत नाही असं वाटायला लागतं. श्रीरंगचं तसंच झालं होतं. दुपारची भाकरी तो बहुतेक वेळा तिच्याकडेच खायचा. ती त्याला साहेब म्हणत नसे, रंगा म्हणे.

*

मग तालुक्याला ते यंत्र आलं.

खात्याने त्याचं नाव मृदामुद्रा ठेवलं होतं. चिमूटभर माती घालायची आणि चहा होईपर्यंत थांबायचं. हिंगणमाळच्या लोकांनी ते पाहिलं आणि त्याला ‘चाखण्या’ म्हणायला सुरुवात केली. पुढे सरकारी पत्रातसुद्धा कंसात तेच नाव यायला लागलं.

यंत्र खरोखरच चांगलं होतं. इथे थट्टा करायला जागा नाही. मूठभर मातीत पृथ्वीवरच्या माणसांपेक्षा जास्त जीव राहतात. जिवाणू, बुरश्या, डोळ्यांना न दिसणारे किडे. त्यांचं मिश्रण प्रत्येक रानात निराळं असतं. एकाच गल्लीतल्या दोन घरी एकाच डेअरीचं दूध आलं, तरी ज्याच्या त्याच्या विरजणाप्रमाणे दह्याची चव बदलते, तसंच हे. माती म्हणजे हजारो वर्षांचं विरजण. चाखण्या त्या साऱ्या जिवांची जनुकं अतिसूक्ष्म छिद्रांतून दोऱ्यासारखी ओढून वाचायचा. शिवाय मातीतल्या मूलद्रव्यांची हलकी-जड रूपं एकमेकांशी काय प्रमाणात आहेत ते मोजायचा. दोन्ही मिळून जो आकृतिबंध तयार व्हायचा तो त्या रानाचा अंगठा. दुसऱ्या रानाशी तो जुळणं जवळपास अशक्य. त्यावरून कुठलं पीक, किती खत, किती पाणी, कुठला जिवाणू कमी पडलाय, सगळं नेमकं सांगता येई. निम्मं खत वाचेल, असं शास्त्रज्ञ म्हणत होते, आणि ते खोटं बोलत नव्हते.

पण ज्याचा अंगठा घेता येतो त्याला ओळखपत्र देण्याचा मोह सरकारला आवरत नाही. एका वर्षात ठरलं की यापुढे कालव्याचं पाणी, बियाणं, खत आणि पीकविमा मृदामुद्रेवरच मिळेल. मुद्रा नाही तर पाणी नाही.

जे काम पथनाट्याला जमलं नव्हतं ते या एका वाक्याने केलं. सारं गाव श्रीरंगच्या दारात उभं राहिलं. त्या सकाळी त्याला, खरं सांगायचं तर, आनंद झाला.

*

“आक्काचं सोडलं तरी तीस रानं,” सरपंच धनाजीतात्या म्हणाले. “साहेब म्हणतात, एकेका रानात आठ-नऊ खड्डे. कधी व्हायचं? त्यापरीस इर्जिक घालू.”

इर्जिक म्हणजे ज्याचं काम अडलंय त्याच्या रानात सगळ्यांनी मिळून राबायचं, आणि ज्याचं रान त्याने सगळ्यांना जेवण घालायचं. हिंगणमाळला औतं जाऊन ट्रॅक्टर आले, ट्रॅक्टरवर ड्रोन आले, तरी ही चाल टिकून होती. तिच्यातल्या जेवणाच्या भागामुळे टिकली होती, असं श्रीरंगचं मत.

“पण आता काम सगळ्यांचंच. जेवण कुणी घालायचं?” नामाने मूळ मुद्द्याला हात घातला.

श्रीरंगने फुलाक्काकडे पाहिलं. आक्का म्हणाली, “माझ्याकडं या. रंगाचं काम हाय.”

तर चैत्रातल्या एका सकाळी फुलाक्काच्या रानात गाव जमलं. बांधावर चुलवण पेटलं, वर मटणाचा रस्सा रटरटू लागला, माळकऱ्यांसाठी पलीकडे पिठलं. श्रीरंगने आधी प्रात्यक्षिक दाखवलं. रानात नागमोडी चालत खड्डे कसे घ्यायचे, कड कशी तासायची, माती एकत्र करून चार वाटे करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेली परत मिसळायची. लोकांनी देवळातल्या प्रवचनासारखं श्रद्धेने ऐकलं.

“आता आपापल्या रानात जा, असंच करा, पिशवीत भरा आणि इथंच जेवायला या,” श्रीरंगने सांगितलं. प्रत्येकाला त्याच्या गट क्रमांकाची चिठ्ठी चिकटवलेली पिशवी दिली.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. वरिष्ठांची तातडीची ऑनलाइन बैठक, विषय ‘नमुना संकलनातील गुणवत्ता’. गावात नेटवर्क फक्त खंडोबाच्या टेकडीवर यायचं. श्रीरंग टेकडी चढला आणि नमुना काळजीपूर्वक कसा घ्यावा यावर बराच वेळ व्याख्यान ऐकत राहिला.

तो खाली आला तेव्हा पंगत उठत होती. चिंचेच्या बुंध्याशी, आक्काच्या प्रात्यक्षिकातल्या पिशवीशेजारी, तीस पिशव्या नीट बांधून, एकावर एक रचून ठेवलेल्या होत्या. दहा-बारा वर्षांत त्याने इतकं सुंदर दृश्य पाहिलं नव्हतं. त्याने काही विचारलं नाही. सुंदर दृश्याला माणूस प्रश्न विचारत नाही.

*

मुद्रापत्रं आली. गावाने ती फ्रेम करून लावली. श्रीरंगने दोन शेजारी ठेवून पाहिली, मग चार, मग दहा. दशांश चिन्हापुढच्या शेवटच्या आकड्यापर्यंत सगळी सारखी, तात्यांच्या पत्रात तेवढा शेवटचा आकडा हललेला. आणि फुलाक्काच्या मुद्रापत्रासारखी.

तो तडक नामाकडे गेला.

“नामा, माती कुठली भरली?”

“आक्काच्या रानातली.”

“का?”

नामाला प्रश्नच कळला नाही. “तुमीच खड्डा काढलावता की. मऊ, चांगला. आयता खड्डा असताना परत माळावर जाऊन कशाला उकरायचं? आन् तिकडनं येस्तवर रस्सा गार झाला असता.”

“सगळ्यांनी तसंच केलं?”

“सगळ्यांनी न्हाय. तात्यांनी चमचाभर त्यांच्या परसातली टाकली, तुळशीतली. शुभ असती म्हणून.”

श्रीरंगने वर कळवलं. वरून उत्तर आलं की हिंगणमाळ गावाचं संकलन शंभर टक्के झाल्याबद्दल अभिनंदन. त्याने परत कळवलं. परत अभिनंदन आलं. अभिनंदन यंत्रच पाठवत होतं, हे त्याला तिसऱ्या खेपेला कळलं.

तो गप्प बसला असता तर ते शोभलं नसतं, पण चाललं असतं, कारण पाणी येत होतं, बियाणं येत होतं, आणि चुकीच्या शिफारशीवरही पीक उगवण्याची हिंगणमाळला सवय होती. गोष्ट बिघडली ती पिकं निघाल्यावर. खात्याने प्रत्येक रानात खुंट्या रोवल्या. हातभर उंचीच्या, डोक्यावर दिवा असलेल्या. या खुंट्या मातीत बसून तिची मुद्रा सतत वाचत राहायच्या. जुळली तर दिवा हिरवा, नाही तर लाल.

हिंगणमाळात तीस रानांत लाल दिवे लागले. फुलाक्काच्या रानात हिरवा.

आता यंत्राच्या जागी आपण असतो तर काय म्हणालो असतो? तीस रानांत त्यांची स्वतःची माती नाही. ती सगळी माती एकाच रानात सापडते आहे. यंत्र बनवणाऱ्यांनी तीन शक्यता धरल्या होत्या. माती जुळते, माती बाहेरून आली आहे, किंवा माती काढून नेली आहे. दुसऱ्याच्या रानातली माती आपली म्हणून तपासायला देणारा शेतकरी असू शकतो, ही चौथी शक्यता त्यांच्या डोक्यात आली नव्हती. ते शहरातले हुशार लोक होते.

यंत्राने शांतपणे निष्कर्ष काढला. श्रीमती फुलाबाई ऐवळे यांनी तीस शेतकऱ्यांची सुपीक माती चोरून आपल्या शेतात नेली आहे.

*

सुनावणी तालुक्याला झाली. यासाठी एक नवं पदच तयार केलं होतं, मृदा निवारण अधिकारी. त्या पदावर देवधर मॅडम होत्या. सौम्य बाई, चष्मा लावून नीट ऐकायच्या. त्यांनी आक्काला खुर्ची दिली, पाणी दिलं.

“आजी, घाबरू नका. एकच प्रश्न आहे. तुमच्या शेतातली माती मूळची तिथलीच आहे का?”

“न्हाय.”

श्रीरंगने डोळे मिटले.

“मग कुठून आणली?”

“आणली की! सगळी भाईरनं आणलीया. पाटीपाटीनं. चाळीस वरीस!” आक्का ताठ बसली. तिला आजवर कोणी अधिकाऱ्याने हे विचारलं नव्हतं. “रातीचं चांदण्यातसुदिक आणलीया. दिवसा मजुरीला जायला लागायचं.”

“रात्री,” मॅडम टिपून घेत म्हणाल्या.

“मॅडम, आक्का तलावाचा गाळ म्हणताहेत,” श्रीरंग उठला. “आणि या नमुन्यांचं खरं असं आहे की…” त्याने इर्जिकेची सगळी हकिकत सांगितली. खड्डा, पिशव्या, रस्सा.

मॅडमनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, “पिशव्या भरताना तुम्ही हजर होता?”

“नाही.”

“कुठे होता?”

“टेकडीवर. तुमच्या बैठकीत.”

मॅडमनी चष्मा काढून पुसला. “कोळेकर, मला पटतंय. मनापासून सांगते, पटतंय. पण मला पटून काय होणार? पडद्यावर तीनच पर्याय आहेत, आणि चोरीच्या पर्यायाला माती ज्याची त्याला परत, हाच आदेश निघतो. चौथा टाकायचा तर तीसही शेतकऱ्यांनी लिहून द्यायला हवं की आम्ही दुसऱ्याच्या शेतातली माती दिली.”

“देतील.”

“ती खोट्या नमुन्याची कबुली होते. खोट्या नमुन्याला पाच हंगाम पाणी-बियाणं बंद.” त्यांनी चष्मा परत लावला. “नियम मी केलेला नाही. ज्यांनी केला त्यांनासुद्धा तो आता बदलता येत नाही. यंत्र पुढे गेलंय.”

परतीच्या एसटीत आक्का खिडकीशी बसली होती. म्हणाली, “बाई चांगली हुती. नीट लिवून घेतलं.”

*

श्रीरंग सह्या मागत फिरला. तो मसुदा त्याने स्वतः, शक्य तितक्या मऊ भाषेत लिहिला होता.

“साहेब, खरं काय ते साऱ्या गावाला ठावं हाय,” धनाजीतात्या म्हणाले. “ठावं असल्यालं परत लिवून कशाला द्यायचं?”

“नाहीतर आक्काची माती जाईल.”

“जाईल म्हंजे कुठं जाईल? गावातच ऱ्हाईल की.” तात्यांनी आत पाहून आवाज दिला, “अगं, साहेबास्नी चा टाक.”

नामाने मसुदा दोनदा वाचला. मग घडी घालून परत दिला, अगदी नाजूक हाताने. “पाच हंगाम म्हंजे माझी पोरं मोठी हून शेती इसरतील, साहेब. आक्का काय मला परकी हाय का? लहानपणी तिच्याच रानात हरभरं खाऊन मोठा झालोय. पण तुमीच सांगा, मी काय करू?”

श्रीरंगने मसुदा खिशात घातला. गेल्या दहा-बारा वर्षांत गावाने त्याला प्रथमच खरा सल्ला विचारला होता.

“कशाला उन्हात हिंडतोस? न्हाय करनार कुनी सही,” आक्का त्याच्यापुढे भाकरी सरकवत म्हणाली.

“तुम्हाला राग येत नाही?”

“येत न्हाय? मी काय संतीण हाय व्हय? परवा नाम्याच्या दारात जाऊन बसले दुपारभर. म्हटलं, भाड्या, कर सही. त्याची बायको रडाय लागली. मग काय, तिचीच समजूत घालून आले. चा पाजला त्यांनी.”

मध्ये एकदा मार्ग निघाल्यासारखं वाटलं. नामाच्याच डोक्यातून. “साहेब, खुंटी काय सगळं रान थोडंच चाखती? तिच्या बुडात आक्काची एक पाटी माती घालू. दिवा हिरवा. बाकी रान जागंवर!” गाव खुशीत आलं. प्रत्येकाने एक-एक पाटी नेली, खुंटीच्या भोवती आळं करून भरली. तीस दिवे हिरवे झाले. आक्काने सगळ्यांना गूळ वाटला आणि म्हणाली, “एका पाटीनं काय हुतंय, अजून एखादी न्या.” श्रीरंगला आपल्या गावकऱ्यांचा अभिमान वाटला, आणि शास्त्राशी गद्दारी केल्याची थोडी खंत.

पण वरून उपग्रह जायचा. रानावरून परतणाऱ्या उन्हाचे रंग तो मोजायचा, आणि काळ्या मातीचे रंग तांबड्या मुरमापेक्षा वेगळे पडतात. त्याला प्रत्येक रानात खुंटीभोवती एक काळी टिकली दिसली. कपाळावर कुंकू दिसावं तसं. आठवड्याने आदेश आला. माती अंशतः परत केलेली आढळली, कृतीची दखल घेतली आहे, उर्वरित माती वैशाख संपायच्या आत परत करावी. देखरेख कोळेकर यांची.

*

तर गाव परत एकदा फुलाक्काच्या रानात जमलं. यावेळी तीस ट्रॅक्टर, तीस ट्रॉल्या आणि बाहेरगावाहून आणलेलं एक लोडर. कुणीच पहिली ट्रॉली पुढे घेईना. लोडरवाला परका. त्याला वाटलं, मुहूर्ताची वाट पाहताहेत.

“नारळ कुठंय?” तो वरून ओरडला. “वाढवा की लवकर!”

कोणी तरी जाऊन खरंच नारळ आणला. आणल्यावर तो हातात घेऊन काय करावं ते त्याला कळेना. शेवटी त्याने तो श्रीरंगच्या हातात दिला. श्रीरंगने बराच वेळ धरून ठेवला आणि मग बांधावर उभा करून ठेवला.

नामाने चप्पल काढली. आक्काच्या रानात जाताना सगळेच काढायचे, पेरलेल्या रानात काढतात तशी. त्याच्यामागून सगळ्यांनी काढली. बांधावर जोड्यांची रांग लागली, आणि मग अनवाणी पायांनी गावाने माती न्यायला सुरुवात केली.

“आक्का, राग धरू नगंस.”

“आक्का, वरनंच तसं आलंय.”

“आक्का, मी जरा कमीच घेतो.”

“कमी घिऊ नगंस,” आक्का म्हणाली. “दिवा परत तांबडा झाला म्हंजे परत येशील. एकदाच काय ती न्या.”

ती मेरेवर उभी राहून लोडरवाल्याला सांगत होती. इकडची बाजू आधी उचल, तिकडं खाली पाणी लागतंय, चिखल हुईल. लोडरवाला म्हणाला, “मावशी, तुमाला चांगलं कळतंय की.” त्यावर हसावं की काय करावं, ते कुणाला कळलं नाही.

नवव्या दिवशी ऊन उतरेपर्यंत मुरूम उघडा पडला. सासऱ्याने तिला पहिल्यांदा दाखवलं होतं तसंच रान. श्रीरंगने आदेशाप्रमाणे प्रत्येक रानात जाऊन दिवे पाहिले. सगळीकडे हिरवे. आक्काची खुंटी लाल झाली होती. यंत्राने लगेच विचारणा केली. मालकाची माती काढून नेल्याचे आढळते, तक्रार नोंदवायची आहे काय?

श्रीरंगने ते आक्काला वाचून दाखवलं. “हो म्हणालात तर तीस जणांना नोटिसा जातील. माती परत येईल.”

“आन् मग त्यास्नी इचारलं तर?”

“ते हो म्हणतील. मग परत जाईल.”

आक्काने थोडा विचार केला. “दर खेपंला ट्रॉलीतनं वाटंवर सांडती, रंगा. सगळी रस्त्यावर संपल.” तिने हातानेच नको म्हटलं. श्रीरंगने ‘नाही’ दाबलं. प्रकरण निकाली निघालं, सर्व पक्ष समाधानी असल्याची नोंद झाली.

*

त्यानंतर आक्का घरात बसेल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती बसली नाही.

चार दिवसांनी श्रीरंगला ती नामाच्या रानात दिसली. वाकून दगडगोटे वेचत होती. नामा बांधावर उभा होता, आपल्याच रानाबाहेर, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा.

“काय झालं?” श्रीरंगने विचारलं.

“काय न्हाय. काल तात्यांच्या रानात हुती. परवा खालच्या आळीला. सगळीकडं जातीया,” नामा हळू आवाजात म्हणाला. “कुळव घालू का इचारलं, तर म्हणती, अजून न्हाय, ढेकळं कच्ची हायत. आता मी काय बोलू? माझी जीभच वर हुईना.”

श्रीरंग रानात गेला. “आक्का, हे नामाचं रान आहे.”

“रान नाम्याचं. त्यात म्या कुटं हात घातलाय?” ती वेचत राहिली. “माती माझी हाय. तिला सवय न्हाय गोट्यांची.”

तिने उभं राहून कंबर सरळ केली. पायाच्या अंगठ्याने माती जराशी उकरली. दोन बोटं काळी, खाली लगेच तांबडा मुरूम. दीड फुटाची माती तीस रानांवर पसरली की किती उरते, हे सांगायला यंत्र नको होतं. श्रीरंग अर्थातच यंत्र घेऊन आला होता. यंत्राने हिरवा दिवा दाखवला आणि या जागी हळद लावण्याची शिफारस केली.

“काय म्हणतंय?”

“हळद लावा म्हणतंय.”

“दोन बोटांत?”

श्रीरंगने यंत्र बंद केलं. दोन बोटांत जे येतं ते त्याला माहीत होतं. तसं येणार आहे हे कुठे लिहायचं, ते त्याला माहीत नव्हतं.

माळाकडून वैशाखातला वारा सुटला. वळीव यायच्या आधी सुटतो तसा, अंगाला तापलेला. नामाच्या रानावरची माती आधी नुसती हलली, मग उठली. पलीकडे तात्यांच्या रानातून, त्याच्याही पलीकडे खालच्या आळीतून, सगळीकडून एकदमच काळपट धूळ वर चढू लागली. आक्काने पदर डोळ्यांवर घेतला आणि पदराआडून पाहत राहिली. बांधावरच्या नामाने आपलं मुंडासं सोडलं आणि ते रानावर धरावं की काय, असा उगाच दोन पावलं पुढे आला. मग जिथल्या तिथे थांबला.

“वारं कंच्या अंगाला चाललंय, रंगा?”

“पूर्वेला.”

“तिकडं काय हाय?”

“पलीकडचा तालुका. पुढच्या महिन्यात तिथेही खुंट्या रोवणार आहेत.”

आक्का धुळीकडे पाहत राहिली. आता धूळ ओढ्याच्या पलीकडे गेली होती.

“मग त्यास्नी आताच कळीव,” ती म्हणाली. “म्हणावं, दारात काय यील ते झाडून टाका. चाखायला दिऊ नका.”